दहा वळणं, एक गोष्ट

हुमनाबादला सोलापूर–हैदराबाद महामार्ग आणि बीदर–कलबुर्गी रस्ता एकमेकांना भेटतात. कुठे वळायचं, ते प्रवासी ठरवतो. व्हिडिओ गेम खेळणाराही असाच. म्हणून गेमच्या लेखकाचं काम कीर्तनकाराहून वेगळं. बुवा श्रोत्यांचे चेहरे पाहून आख्यान रंगवतात किंवा आटोपतं घेतात. गेमच्या लेखकाला समोरचा माणूस दिसतच नाही. त्याच्या सगळ्या शक्यता आधीच लिहून ठेवाव्या लागतात.

आता हिशेब पाहा. प्रत्येक वळणावर दोनच पर्याय दिले, तरी दहा वळणांनंतर १,०२४ वाटा तयार होतात. एवढ्या गोष्टी लिहिणार कोण? म्हणून लेखक वाटा फोडतात आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा एकत्र आणतात. तुमच्या निवडीची नोंद मात्र गेम जपून ठेवतो. आधी ज्याला वाचवलंत, तो पुढे मदतीला येऊ शकतो.

दुसरी युक्ती म्हणजे गोष्ट परिसरातच पेरणं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. त्यात धाकटा भाऊ गोलू याला शोधत निघालेली राजी भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबली, की पुराणकथा उलगडते. निवेदक आहेत दुर्गा आणि विष्णू; काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या ढंगात येतात.

वार करण्याचं बटण कुठल्याही गेममध्ये सारखंच. पण भाऊ हरवलाय हे कळलं, की ते दाबायला कारण मिळतं. लेखक पुरवतो ते हे कारण.