प्रश्नावली कितव्या इयत्तेची?

तोतरेपणाचा जाच किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून प्रश्नावली देतात. अँड्र्यूज व कटलर यांच्या ‘एस-२४’मध्ये (१९७४) चोवीस विधानांपुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगायचे असते. विधानच कळले नाही, तर गुण बोलण्याचे नव्हे, वाचनाचे ठरतात.

अमेरिकी नौदलासाठी १९७५ मध्ये बनलेले फ्लेश-किंकेड सूत्र वाक्यांची व शब्दांची लांबी मोजून मजकुराची इयत्ता सांगते. मराठीत ते फसेल. ‘शिक्षकांसमोरसुद्धा’ हा लांबलचक शब्द चौथीतल्या मुलाला कळतो. इवलासा ‘भीड’ अडवू शकतो. त्यापेक्षा मुलालाच विचारावे, असे आम्हांला वाटते. मात्र प्रश्न मोठ्याने वाचून घेऊ नये: ते अडखळेल तोतरेपणामुळे, आणि आपण समजू की त्याला अर्थ कळला नाही. अर्थ त्याला आपल्या शब्दांत लिहू द्यावा.