कोर लाव

कंबोडियात युद्धाने आणि नरसंहाराने खचलेल्या माणसांसाठी ‘साक्ष-उपचार’ नावाची एक पद्धत वापरतात. ख्मेर रूज राजवटीतून वाचलेला माणूस आपली कहाणी समुपदेशकाला सांगतो. समुपदेशक ती लिहून काढतो आणि शेवटी ते लिखाण बौद्ध विहारात, भिक्खू, नातलग आणि गावकरी यांच्या देखत, मोठ्याने वाचले जाते. नॉम पेन्हमधील ‘टीपीओ कंबोडिया’ ही संस्था हे काम करत आली आहे. १९९५ मध्ये ती डच संस्थेची शाखा म्हणून सुरू झाली आणि २००० पासून स्वतंत्र आहे.

ख्मेर रूजची सत्ता १७ एप्रिल १९७५ पासून ७ जानेवारी १९७९ पर्यंत होती. वाचलेली माणसे या काळाला ‘पावणेचार वर्षे’ म्हणत नाहीत. ३ वर्षे, ८ महिने, २० दिवस, असाच हिशेब त्यांच्या तोंडी असतो. शाळेचे तोंड न पाहिलेली आजीसुद्धा तो दिवसांसकट सांगते. शहरे रिकामी केली गेली, कुटुंबे फोडून श्रमछावण्यांत पाठवली गेली, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. भूक, अतिश्रम, आजार आणि कत्तल यांत सुमारे १७ लाख माणसे गेली, म्हणजे पाचांतले एक.

त्या दिवसांत माणसे एकमेकांच्या कानात सांगत, ‘कोर लाव.’ कोर हे पांढऱ्या सावरीचे झाड. त्याचा कापूस उशा-गाद्यांत भरतात. पण ख्मेर भाषेत कोर म्हणजे मुकाही. झाड लाव, म्हणजे तोंड शिवून घे. पाहिले ते पाहिले नाही, ऐकले ते ऐकले नाही. जो बोलला तो रात्रीतून नाहीसा होई, म्हणून हा सल्ला जीव वाचवणारा होता. राजवट गेल्यावर तो मनातून गेला नाही, आणि आजाराचे मूळ तिथेच आहे.

या आजाराला तिथल्या लोकांचा स्वतःचा शब्द आहे: बाक्स्बात. बाक म्हणजे मोडलेले, स्बात म्हणजे शरीर, आकार. ‘हाय खाल्ली’ हा मराठी शब्दप्रयोग त्याच्या बराच जवळ जातो. सतत भीती, कोणावर विश्वास नाही, सगळे सोसून घेणे, मूक राहणे, स्वतःसाठी उभे राहण्याची हिंमतच नसणे. लहानपणी स्वतः त्या छावण्यांत राबलेले मनोविकारतज्ज्ञ सोथिआरा छिम यांनी या अवस्थेचा अभ्यास केला. पाश्चात्त्य निदानसूचीत आघातोत्तर तणावाची जी लक्षणे आहेत त्यांत हे दुखणे पुरते मावत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. युद्धानंतर देशात मनोविकारतज्ज्ञ जवळजवळ उरलेच नव्हते. १९९४ मध्ये ओस्लो विद्यापीठाच्या मदतीने प्रशिक्षण सुरू झाले आणि पहिल्या तुकडीत १० डॉक्टर तयार झाले. छिम त्याच पिढीतले. २०२२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

उपचाराच्या बैठका थोड्याच असतात. बोलणारी बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेली स्त्री असते. समुपदेशक तिला ‘ओम’ किंवा ‘येय’, म्हणजे मावशी किंवा आजी म्हणतो. चांगला समुपदेशक छळापासून सुरुवात करत नाही. आधी गाव, आईबाप, लग्न, शेत. मग १९७५. वाक्ये प्रथमपुरुषी राहतात, ‘मी’ हा शब्द तिचाच राहतो.

खरे काम पुढच्या बैठकीत होते. लिहिलेला मजकूर तिला वाचून दाखवला जातो आणि ती तो दुरुस्त करते. भात लिहिले असेल तर ती थांबवते: भात नव्हता, पेज होती, पाण्यात मोजके दाणे. आधी कोण गेले, नवरा की धाकटा मुलगा, हा क्रम ती पुन्हा लावून घेते. तारखा आठवत नसतील तर पावसाळा आठवतो, भातलावणी आठवते. ३ वर्षे, ८ महिने, २० दिवस जिचा शब्द कोणी विचारला नव्हता, तिच्या म्हणण्यावरून आता एक शिकलेला माणूस लिहिलेले खोडतो. न्यायालयातल्या साक्षीसारखी इथे उलटतपासणी नसते. या उपचाराचे मर्म या खाडाखोडीत आहे.

त्यानंतरचा विधी पाहुण्यांना शोभेचा वाटू शकतो, पण तो वगळला तर उपचार अर्धाच राहील. विहारात इतर वाचलेली माणसेही आलेली असतात. साक्ष वाचली जाते, भिक्खू पालीतून पठण करतात, आशीर्वाद देतात आणि कागद तिच्या हाती देतात. मृतांना पुण्य अर्पण होते. ज्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले नाहीत ते आत्मे भटकत राहतात, अशी तिथली श्रद्धा आहे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, आपल्याकडच्या पितृपक्षाच्याच सुमारास, कंबोडियात प्चुम बेन हा १५ दिवसांचा उत्सव असतो. पहाटेच्या अंधारात विहाराभोवती पितरांसाठी भाताचे गोळे टाकतात. त्यातला ‘बेन’ म्हणजे आपला ‘पिंड’. जिचा मुलगा कुठे पुरला हेच कळले नाही, तिच्या दुःखाला नुसते ऐकणारे कान पुरत नाहीत. त्याच्या नावाने काहीतरी करावे लागते.

पद्धतीचा उगम दूरचा आहे. चिलीमध्ये पिनोशेच्या हुकूमशाहीत छळ झालेल्यांच्या साक्षी तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी उपचार म्हणून लिहून घेतल्या. त्याबद्दलचा लेख १९८३ मध्ये निघाला, तोही टोपणनावांनी. भारतात वाराणसीत पोलिसी छळ सोसलेल्यांसाठी ती २००८ च्या सुमारास वापरली गेली. आशियात आल्यावर तिला सार्वजनिक समारंभाची जोड मिळाली.

ख्मेर रूज नेत्यांवर नॉम पेन्हमध्ये खटले चालले, तेव्हा साक्षीदारांशेजारी टीपीओचे समुपदेशक बसत. त्या न्यायालयाला पीडितांना वैयक्तिक रोख भरपाई देण्याचा अधिकार नव्हता. ७ ऑगस्ट २०१४ रोजी नुओन चिआ आणि खिऊ सांफान यांना जन्मठेप झाली आणि त्याच निकालात साक्ष-उपचाराला सामूहिक भरपाईचा भाग म्हणून मान्यता मिळाली.

विधीनंतर कागद घरी जातो. तिथली तरुण पिढी बराच काळ हा इतिहास शाळेत शिकलीच नाही. १९७५ ते १९७९ वरचे सविस्तर पुस्तक विद्यार्थ्यांसाठी २००७ मध्ये निघाले. पेजेच्या आणि छावणीच्या गोष्टी नातवंडांना खऱ्या वाटत नसत. आजीला वाचता येत नसेल तर तो कागद त्यांच्यापैकीच कोणाला तरी मोठ्याने वाचावा लागतो, पहिल्या ओळीतल्या गावाच्या नावापासून.