अंडवृद्धी: दुखत नाही म्हणून थांबू नका

विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडे, हत्तीरोग म्हटलं की सुजलेला पायच डोळ्यांपुढे येतो. त्याच रोगाचं कपड्यांआड दडलेलं रूप म्हणजे हायड्रोसील, अर्थात अंडवृद्धी. वृषणाभोवतीच्या दुपदरी आवरणात पाणी साठतं आणि अंडकोष फुगतो. क्युलेक्स डासामार्फत शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, त्यामुळे पाण्याचा निचरा होत नाही. मार, जंतुसंसर्ग, क्वचित गाठ हीही कारणं; पुष्कळदा कारण सापडतच नाही.

तान्ह्या बाळाची अशी सूज बहुधा वर्षभरात आपोआप ओसरते. त्यानंतरही राहिली किंवा दिवसभरात कमी-जास्त होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा; सोबत हर्निया असू शकतो.

मोठ्यांची सूज सहसा दुखत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. लाजेपायी माणूस वर्षानुवर्षं लंगोट आवळून शेतकाम रेटतो. लेपांनी हे पाणी जात नाही. सुईने काढलं तर बहुतेकदा पुन्हा भरतं. छोटी शस्त्रक्रिया हाच पक्का इलाज, आणि ती सरकारी रुग्णालयांतही होते. सूज नवी असेल तर सोनोग्राफी टाळू नका, पाण्याआड गाठ लपलेली असू शकते.

अचानक तीव्र कळ आणि मळमळ हे वृषणाला पीळ पडल्याचं लक्षण असू शकतं. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता मोठी. ताप व लाली आली, किंवा जांघेतला फुगवटा आत जाईनासा होऊन उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.