तुमचे घड्याळ कोणत्या गावचे?

विद्यार्थी मित्रहो, शिक्षणाच्या निमित्ताने तुम्हालाही कधी ना कधी परगावी राहावे लागेल. आठवडाभर काम आणि रविवारी सुट्टी. नव्या शहरात सुट्टीचा दिवस कसा घालवावा? मी तो कसा घालवला आणि त्यात माझी कशी फजिती झाली, ते आज तुम्हाला सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर जून-जुलैत आठ आठवडे मी जयपूरला प्रशिक्षणार्थी होतो. काम होते दाबमापके तपासण्याचे. प्रत्येक मापकाचे वाचन प्रमाण मापकाशी ताडून पाहायचे, तपासणीपत्रक भरायचे आणि शेवटी ‘पास’ किंवा ‘नापास’ असा शेरा मारायचा. आमच्यावर एक वयस्कर तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत.

सवाई जयसिंग राजाने १७२७ मध्ये हे शहर वसवले. सरळ, रुंद रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. पूर्वेला सूरजपोल, तर पश्चिमेला चांदपोल. पहिल्या रविवारी मी गरम कचोरी खाऊन हवामहल पाहिला. जूनच्या मध्यावर जंतरमंतर वेधशाळेत गेलो. वाटाड्या घेण्याइतके पैसे खिशात नव्हते. पण पदवीचा अभिमान होता!

जयसिंगाने दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि काशी अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. त्यांपैकी मथुरेची आता शिल्लक नाही. जयपूरचे सम्राट यंत्र म्हणजे एक प्रचंड सूर्यघटिका. तिची तिरपी भिंत सुमारे २७ मीटर उंच असून जमिनीशी २७ अंशांचा कोन करते. हाच कोन का? कारण जयपूरचा अक्षांश जवळजवळ तेवढाच आहे. त्यामुळे भिंतीची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहून थेट ध्रुवताऱ्याकडे रोखलेली असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चतुर्थांश वर्तुळाच्या आकाराच्या पट्ट्या आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पट्टीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या.

आता थोडे गणित करा. पट्टीची त्रिज्या सुमारे १५ मीटर आहे. सावली २४ तासांत पूर्ण वर्तुळ फिरली असती असे धरा. मग तासाला जवळजवळ ४ मीटर, मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर आणि सेकंदाला मिलिमीटरभराहून किंचित जास्त! सावली सरकताना डोळ्यांना दिसते, मित्रहो. पट्टीवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा आहेत.

मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. बरोबर दहा वाजले होते. सावली मात्र ९ वाजून ३३ मिनिटे दाखवत होती. मी गालातल्या गालात हसलो. रात्री खोलीवर गंमत म्हणून सम्राट यंत्राचेही तपासणीपत्रक भरले. ‘चूक : २७ मिनिटे. संभाव्य कारण : भिंत खचली असावी. शेरा : नापास.’

सोमवारी ते पत्रक उस्तादजींना दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, “बेटा, तुझे घड्याळ कोणत्या गावची वेळ दाखवते?”

मी गप्पच झालो. उत्तर मला ठाऊक होते. पण ते परीक्षेपुरते! भारतीय प्रमाण वेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ आहे आणि ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. जयपूरचा रेखांश ७५.८ अंश. फरक ६.७ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून ६.७ गुणिले ४ बरोबर सुमारे २७ मिनिटे. यंत्र जयपूरची वेळ सांगत होते, माझे घड्याळ मिर्झापूरची. मी प्रमाण मापकच चुकीचे निवडले होते. (२७ अंश आणि २७ मिनिटे हा निव्वळ योगायोग, बरे का! त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.)

मी नवे पत्रक लिहिले : ‘२७ मिनिटे मिळवावीत. शेरा : पास.’ उस्तादजी म्हणाले, “सही नंतर करतो. जाण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचन घे.”

जुलैचा शेवटचा रविवार आला. आकाशात ढग होते, पण दहाच्या सुमारास ऊन पडले. घड्याळात दहा आणि सावली ९ वाजून २७ मिनिटांवर! फरक ३३ मिनिटे. भिंत काही दीड महिन्यात सरकत नाही. मग ही सहा मिनिटे आली कोठून?

ती सूर्याच्या चालीतून आली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, म्हणून तिचा वेग वर्षभर सारखा नसतो. जानेवारीच्या सुरुवातीला ती सर्वांत जास्त वेगाने धावते. शिवाय तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांमुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ बरोबर २४ तासांचा नसतो. सेकंद-सेकंद साठत जातात. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्यघटिका सरासरी वेळेच्या १४ मिनिटे मागे पडते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटे पुढे जाते. जूनच्या मध्याला हा फरक शून्याच्या जवळ असतो. नेमक्या त्याच दिवसांत मी पहिले वाचन घेतले आणि एकाच वाचनावरून कायमचा नियम बांधला!

त्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सावलीची कड रेषेसारखी धारदार नव्हती. तेथे सुमारे १४ सेंटिमीटरचा धूसर पट्टा होता. सूर्य हा बिंदू नाही, तो अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो. म्हणजे खुणा दोन सेकंदांच्या, पण सावलीची कड दोन मिनिटांची! यंत्र मोठे केले की खुणा मोठ्या होतात आणि हा पट्टाही त्याच प्रमाणात मोठा होतो. तेव्हा पट्ट्याची नेमकी कोणती जागा वाचायची, ते ठरवून दर वेळी तीच वाचावी लागते.

तिसरे पत्रक दोन पानांचे झाले. ‘चूक’ या रकान्यात मी यंत्राऐवजी स्वतःचे नाव लिहिले. उस्तादजींनी हसत सही केली. ते पत्रक आजही माझ्याजवळ आहे.

प्रमाण वेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नव्हती. आजही पुण्याचा सूर्य प्रमाण वेळेच्या सरासरी ३५ मिनिटे मागे असतो, तर नागपूरचा १४ मिनिटे.

हे स्वतः पडताळून पाहा. शाळेच्या मैदानात ओळंब्याने एक काठी सरळ उभी करा. साडेअकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली ज्या वेळी पडेल, ते तुमच्या गावाचे खरे मध्यान्ह. पुण्यात ते जूनच्या मध्याला १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास येईल, नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांना आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटांना. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका, सावलीकडेच पाहा. शिक्षकांनी वर्षभराच्या नोंदींचा आलेख वर्गात लावावा.

आणि मित्रहो, एखाद्या यंत्रावर ‘नापास’ असा शेरा मारण्यापूर्वी ते नेमके काय मोजत आहे, एवढे आधी विचारा.