स्वल्पविरामाचा बांध

कादंबऱ्या लिहिताना स्वल्पविराम मी सढळ हातानं वापरत आलो. वाक्याला दम लागला की टाकायचा. पण हाच स्वल्पविराम एखाद्या बाईचं नाव कर्जमाफीच्या यादीतून उडवू शकतो, हे मला बँकेच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, पाथर्डीला कळलं.

जून २०१७ मध्ये राज्य सरकारनं दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. बँकांनी प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची होती. शाखेत आम्ही रात्री जागून याद्या करत होतो. एका संगणकातली यादी दुसऱ्यात न्यायची, तर सोपा मार्ग म्हणजे साध्या मजकुराची फाइल. एका ओळीत एक खातेदार आणि दोन रकान्यांमध्ये एक स्वल्पविराम. रकान्याला इंग्रजीत ‘फील्ड’ म्हणतात, म्हणजे शेतच. मग स्वल्पविराम झाला बांध. आणि बांध सरकला की काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको!

मढीच्या एका मावशींच्या ओळीत मी सवयीनं पत्ता लिहिला: ‘मौजे मढी, ता. पाथर्डी, जि. अहमदनगर’. संगणकाला त्यात दोन जादा बांध दिसले. एका शेताची तीन झाली आणि पुढची सगळी माहिती दोन घरं सरकली. आधार क्रमांकाच्या जागी भलतंच काही, थकबाकीच्या जागी तारीख. ओळ बाद! चूक सर्वस्वी माझी.

शाखेतला तरुण सहकारी म्हणाला, “साहेब, अख्खा पत्ता अवतरणचिन्हांत घाला. मग आतले स्वल्पविराम बांध म्हणून मोजले जात नाहीत.” त्यानंच दुसरी खोड दाखवली. खातेक्रमांकाला स्प्रेडशीट साधी संख्या समजते आणि सुरुवातीची शून्यं गिळून टाकते.

डेटाबेसमध्ये बांध आधीच आखता येतात. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली ही रचना. या रकान्यात तारीखच, त्यात बाराच अंक, हा रिकामा चालणार नाही, असं बजावून ठेवता येतं. शिवाय जिल्ह्याचं नाव प्रत्येक ओळीत लिहायचं नाही. ते एकदाच नोंदवायचं, बाकी ठिकाणी फक्त संकेतांक. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा तो ५२२ होता. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जिथं असा संकेतांक वापरला, तिथं एक नोंद बदलून भागतं. जिथं प्रत्येक ओळीत नावच लिहिलं, तिथं हजारो ओळी दुरुस्त कराव्या लागतात.

मावशी दिवाळीनंतर मुलासोबत ऊसतोडीला जाणार होत्या. ओळ तशीच राहिली असती, तर विचारायला कोण येणार होतं?

निघण्याआधी त्या शाखेत आल्या. “सायेब, माजं नाव हाय ना त्यात?”

“आहे, मावशी,” मी म्हणालो. पण त्याआधी आत जाऊन त्यांच्या ओळीतले रकाने बोटानं एकेक करून मोजून आलो होतो.