विहिरीतला मासा नेमका कोणता?

पावसाळा सरत आला की आम्हांस हमखास विचारले जाते, "फादर, विहिरीत गप्पी सोडले तर मलेरिया टळेल ना?" आम्ही उलट विचारतो, "मासा कोणता सोडणार?" उत्तर येते, "गप्पीच हो, ते बारके बारके असतात ते!" घोटाळा होतो तो इथेच. बोटाएवढ्या प्रत्येक माशाला गप्पी म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. वास्तविक त्यांत निदान तीन निरनिराळे मासे असतात.

शास्त्रज्ञ प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे लॅटिन नाव देतात. प्राण्यांसाठी ही रीत लिनियस यांनी १७५८ साली घालून दिली. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. अशी आडनावे मिळून एक कुल होते. कुल कळले की माशाचा स्वभावही पुष्कळसा कळतो.

पहिला मासा खरा गप्पी, म्हणजे पोसिलिया रेटिक्युलाटा. हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. नर जेमतेम इंचभर व रंगीबेरंगी, मादी त्याहून मोठी आणि भुरकट. ट्रिनिदाद बेटावरील गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ साली त्याचे नाव ठेवले गेले. परंतु १८५९ सालीच त्याला दुसरे नाव मिळाले होते, असे मागून दिसून आले. नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकले. गप्पी हे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

दुसरा गॅम्बुसिया. हा मूळचा उत्तर अमेरिकेचा, आपल्या देशात १९२८ साली इटलीहून आणलेला. रंग राखाडी, शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी. गप्पी व गॅम्बुसिया एकाच कुलातले. दोघांच्या माद्या अंडी न घालता जिवंत पिले देतात, म्हणून संख्या झपाट्याने वाढते. नराच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा निमुळता झालेला असतो, ही त्या कुलाची खूण.

तिसरा पॅनचॅक्स. हा आपल्या ओढ्यांतला व भातखाचरांतला, वेगळ्या कुलातला. डोके वरून चपटे, तोंड वर वळलेले आणि डोक्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका. मादी पाणवनस्पतींना अंडी चिकटवते.

पारख घरीच करता येते. काचेच्या बरणीत पाणी घेऊन मासा उजेडात धरा. आधी डोक्यावरचा ठिपका पाहा, मग पोटाखालचा पर, मग शेपटी. मादी ओळखणे अवघड जाते. म्हणून एकच मासा न पाहता चार-पाच पाहावेत.

एवढा खटाटोप कशासाठी? तिघेही डासांच्या अळ्या खातात, हे खरे. पण गॅम्बुसिया बेडकांची पिले व इतर माशांची अंडीही खातो आणि इतर माशांचे पर कुरतडतो. बेडूक कमी झाले तर शेतातले किडे कोण खाणार? गप्पी घाण पाण्यातही तग धरतो, त्यामुळे ओढ्यात गेला तर तोही तिथे ठाण मांडतो. एकदा पसरलेला मासा परत गोळा करता येत नाही.

तेव्हा आमचे सांगणे असे. आपल्याच गावच्या ओढ्यातला पॅनचॅक्स मिळत असेल तर तोच पहिला निवडावा. डासांच्या अळ्यांवर पॅनचॅक्सच्या एका जातीची गोव्यात प्रत्यक्ष चाचणी झाली असून तिचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला आहे. गप्पी सोडायचा तर बंदिस्त विहिरीत किंवा टाकीतच. तळ्यात, ओढ्यात किंवा पाटात नव्हे. आरोग्य खात्याच्या माणसाला विचारून घ्यावे. आणि माशांनी पाणी शुद्ध होत नाही. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. ताप आला तर माशांवर भरवसा न ठेवता रक्त तपासून घ्यावे.

पुढच्या वेळी कुणी मासे घेऊन आला, तर बादली विहिरीत ओतण्याआधी त्यातले चार-पाच मासे बरणीत घालून पाहा. नाव नीट कळले, की त्याला कुठे सोडावे आणि कुठे सोडू नये, हेही कळेल.