नळांतील आवाजांचे निदान

रात्रीच्या शांत वेळी मोरीतील तोटी झटकन बंद करावी आणि भिंतीआड कोणी हातोडा मारल्यासारखा ठोका ऐकू यावा, हा अनुभव पुष्कळांस असतो. या घटनेस ‘जलाघात’ म्हणतात. वाहते पाणी एकाएकी अडविले म्हणजे त्याच्या गतीचे रूपांतर दाबात होते व त्या दाबाचा तरंग नळातून मागेपुढे धावू लागतो. निकोलाय झुकॉव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७-९८ साली मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून त्याचे गणित मांडले. लोखंडी नळात या तरंगाचा वेग सेकंदास सुमारे १,२०० मीटर धरल्यास, सेकंदास अवघा १ मीटर वाहणारा प्रवाह क्षणात थांबविताच दाब जवळजवळ १२ वातावरणांनी वाढतो! अशा आघातांनी सांधे सैल होतात. म्हणून तोटी सावकाश फिरवावी, हे बरे.

परंतु प्रत्येक आवाज जलाघाताचा नव्हे. तोटी अर्धवट उघडी असताना ती थरथरून घरघरत असेल, तर आतील वायसर बहुधा झिजलेला असतो. गरम पाण्याच्या नळाची टकटक धातूच्या प्रसरणामुळे होते. पाणी येण्याच्या वेळची फुरफुर कोंडलेल्या हवेची. ती निरुपद्रवी होय.

सर्व तोट्या बंद असून टाकीही भरत नसताना मंद, अखंड ‘सूं सूं’ ऐकू आल्यास मात्र गळतीची शंका घ्यावी. पुरवठा थांबून दाब उतरला, की त्याच भेगेतून बाहेरचे दूषित पाणी आत शिरू शकते. गळतीची जागा शोधण्यास लाकडी काठी पुरते. तिचे एक टोक नळावर व दुसरे कानाशी धरून पुढे सरकत जावे; आवाज जेथे सर्वांत स्पष्ट, तेथे प्रथम पाहावे.